नागपूरचे ऊन आणि एलिव्हेटरची ट्रिम

डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांत ट्रिम (स्टिक सोडल्यावरही विमान सरळ उडावे म्हणून दिलेली बारीक दुरुस्ती) अगदी नेमकी बसवलेले, बाल्सा या हलक्या लाकडाचे रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उडवले, की स्टिक सोडताच ते नाक वर किंवा खाली घेऊ लागते. अशा वेळी ट्रान्समीटरवरचे ट्रिमचे बटण दाबत राहण्याआधी पुशरॉड (सर्व्होची, म्हणजे आतल्या छोट्या मोटरची, हालचाल शेपटीपर्यंत नेणारा दांडा) कशाचा आहे ते पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

शेपटीपर्यंत जाणारा नायलॉनचा लवचीक पुशरॉड उष्णतेने लांबतो, पण बाल्साची फ्यूजलाज, म्हणजे विमानाचे धड, जवळजवळ तेवढीच राहते. साठ सेंटिमीटर लांबीचा असा रॉड ३५ अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटरने वाढतो, आणि एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या) हॉर्नपाशी, म्हणजे रॉड जिथे जोडतो त्या शिंगापाशी, दीड मिलिमीटर म्हणजे फार झाले. एलिव्हेटर वर सरकेल की खाली, हे हॉर्न कोणत्या बाजूला लावला आहे त्यावर ठरते. पोलादी तारेत किंवा कार्बनच्या रॉडमध्ये हा बदल अगदी किरकोळ असतो, म्हणून विदर्भात उडवायच्या विमानाला मी तेच सुचवीन.

मुळात ट्रिम म्हणजे सर्व्होला मध्यबिंदूवर मिळणारा, साधारण १५०० मायक्रोसेकंदांचा संकेत थोडा इकडे-तिकडे सरकवणे होय. ती जमिनीवर ठरत नाही. आधी गुरुत्वमध्य विमानाच्या आराखड्यात दाखवलेल्या जागी आणावा, सर्व्होचा आर्म (त्याची फिरणारी भुजा) पुशरॉडशी काटकोनात बसवावा, सर्व नियंत्रण पृष्ठे (एलिव्हेटरसारखे हलणारे भाग) सरळ रेषेत आणावीत आणि मगच उड्डाण करावे. सबट्रिमचा (ट्रान्समीटरच्या सेटिंगमधून सर्व्होचा मध्यबिंदू सरकवण्याच्या सोयीचा) उपयोग मी आर्मच्या दात्यांमुळे राहिलेला बारीक फरक काढण्यापुरताच करतो, कारण ती जास्त दिली तर एका बाजूची हालचाल कमी पडते.

हवा शांत असताना, म्हणजे आपल्याकडे सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासात, सुरक्षित उंचीवर आणि नेहमीच्या थ्रॉटलवर विमान सरळ उडवून ट्रिम द्यावी. एलिव्हेटरची ट्रिम एका ठरावीक वेगालाच लागू पडते. थ्रॉटल वाढवल्यावर विमान वर चढू लागले, तर तो ट्रिमचा दोष असेलच असे नाही, तो बहुधा मोटरच्या डाउनथ्रस्टचा (ती किंचित खाली झुकवून बसवण्याचा) किंवा गुरुत्वमध्याचा प्रश्न असतो. तो थ्रॉटल पूर्ण बंद करून ग्लाइडमध्ये तपासता येतो. एलेरॉनची (विमान बाजूला झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्यांची) ट्रिम मात्र सहसा एकदोन क्लिकमध्ये जमते.

विमान उतरल्यावर खरे काम सुरू होते. ट्रिम लागलेल्या स्थितीत पृष्ठाची जागा पट्टीने मोजून ठेवावी, ट्रान्समीटरवरची ट्रिम शून्यावर आणावी आणि क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाला आट्यांवर बसणारी पकड) फिरवून पृष्ठ पुन्हा त्याच जागी आणावे. दोन मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर क्लेव्हिसचा एक फेरा ०.४ मिलिमीटरचा असतो; म्हणजे वर सांगितलेला उन्हाळ्याचा दीड मिलिमीटर जवळजवळ चार फेऱ्यांचा होतो.

जुन्या विमानात नायलॉनचाच रॉड ठेवायचा असेल, तर बंद गाडीतून काढलेले तापलेले विमान लगेच उडवू नये. ते मैदानावर सावलीत पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, एलिव्हेटरची जागा पुन्हा मोजावी आणि फरक दिसल्यास क्लेव्हिसनेच काढावा, म्हणजे हवेत असताना ट्रिमचा पूर्ण पल्ला हाताशी राहतो.