हिमोग्लोबिन ११.२ आणि पायलटचं मेडिकल

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळाकडं बघत मोठा झालो, त्यामुळं पायलट व्हायचं खूळ जुनंच. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) क्लास टू मेडिकलला, म्हणजे पायलटच्या सुरुवातीच्या वैद्यकीय तपासणीला गेलो आणि हिमोग्लोबिन आलं ११.२, म्हणजे कमी. आईनं लगेच बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू केलं, एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिने खाल्ल्या, पोट बिघडलं पण आकडा काय हलंना. शेवटी हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ६४ असा कमी होता, त्याला पेनानं गोल केला आणि इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची तपासणी, करायला लावली. त्यातला एचबीए२ हा प्रकार ५.१ टक्के, म्हणजे जास्त. म्हणजे थॅलेसेमिया मायनर, हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष, जन्मापासूनचा, लोह कमी नव्हतंच की!

विमानात केबिनचा दाब ६ ते ८ हजार फुटांवर असल्यासारखा असतो, तिथं रक्ताला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून हे लोक हिमोग्लोबिन एवढं बघतात, ते पटतंय मला. पण सौम्य मायनर आणि रक्त चढवावं लागणारा मेजर यातला फरक काकांना सांगून सांगून दमलो, त्यांना वाटतंय मला आता रक्त चढवायला लागणार. असो. क्लास वन मेडिकलशिवाय कमर्शियल लायसन्स नाही, त्यामुळं जुने सगळे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांचे रिपोर्ट फाइलला लावलेत. परवा त्या मेडिकलला निघायचंय, आणि आई डब्यात परत बीटच देणार.