माचू पिच्चू: थोरला, धाकटा आणि सूर्याचा दरवाजा

या वहीत आजवर फक्त सह्याद्री आला. या वेळची नोंद पेरूतली आहे, आणि ती जरा लांबणार आहे. माचू पिच्चू या इंका लोकांच्या जुन्या डोंगरी शहरात आतल्या आत करता येतील अशा काही छोट्या चढाया आहेत. त्यांतून निवड करताना आम्हा दोघी बहिणींची आठ महिने जी चर्चा झाली, ती लिहून ठेवली तर पुढे जाणाऱ्याचा वेळ वाचेल.

आधी नावं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. केचुआ भाषेत माचू म्हणजे म्हातारा, थोरला; वायना म्हणजे तरुण, धाकटा; पिच्चू म्हणजे शिखर. प्रत्येक फोटोत शहराच्या मागे जो सुळका दिसतो तो माचू पिच्चू नव्हेच, तो वायना पिच्चू, धाकटा. थोरला डोंगर फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असतो, म्हणून तो कुणाच्या लक्षातच येत नाही. डोनाटो अमादो आणि ब्रायन बाउअर या अभ्यासकांनी तर जुने कागद तपासून असं मांडलं आहे की इंका लोक या शहरालाही वायना पिच्चू किंवा नुसतं पिच्चू म्हणत असावेत. हे वाचल्यापासून ताई मला 'वायना' म्हणते. ती एकसष्टची, मी चौपन्नची.

जानेवारी ते मार्च: कागदावरची चढाई

पाच पर्याय वहीत मांडले ते असे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २४३० मीटरवर आहे. वायना पिच्चू त्याच्या वर अडीचशे-पावणेतीनशे मीटर, पण ती उंची जवळजवळ उभीच चढायची. थोरला डोंगर सहाशे मीटरहून जास्त वर, माथा तीन हजार मीटरच्या पुढे. इंती पुंकू, म्हणजे सूर्याचा दरवाजा, उंचीने वायनाच्या जवळपास, पण वाट लांब आणि सौम्य. इंकांच्या राजधानीकडून, कुस्कोहून, चालत येणारी जुनी वाट याच खिंडीतून शहराकडे उतरते. उचुय पिच्चू म्हणजे धाकट्याच्या कुशीतलं टेकाड, जाऊन-येऊन तासाभराचं. आणि इंका पूल: चढ जवळजवळ नाही, कड्याला चिकटलेली पाऊलवाट, शेवटी भिंतीत मुद्दाम सोडलेली फट आणि तिच्यावर टाकलेले ओंडके. ओंडके काढून घेतले की वाट बंद. गडाच्या दरवाजासमोरच्या खंदकावरचा काढता पूल आठवा. तीच अक्कल, फक्त खंदकाच्या जागी शेकडो मीटरांची दरी. त्या ओंडक्यांवर पाय ठेवायची परवानगी नाही, अलीकडे उभं राहून पाहायचं.

मला वायना हवा होता. ताईचा उजवा गुडघा चढताना तक्रार करत नाही, उतरताना करतो. त्यामुळे पर्यायांची तुलना मी चढाईच्या वेळावरून करत होते आणि ती उतरणीवरून. तिची पद्धत बरोबर होती हे मला फार उशिरा कळलं.

एप्रिल: तिकिटं

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

१ जून २०२४पासून तिथली व्यवस्था बदलली आहे. आत तीन मुख्य मार्ग, त्यांचे मिळून दहा उपमार्ग, आणि एक तिकीट म्हणजे एकच उपमार्ग. मार्ग एकेरी आहेत. मागे फिरता येत नाही, बाहेर पडलात की पुन्हा आत नाही. डोंगर निवडला की शहराचा कुठला भाग दिसणार आणि कुठला नाही, हेही त्याच क्षणी ठरून जातं. थोरला डोंगर, इंती पुंकू आणि इंका पूल पहिल्या मार्गावर आहेत: वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून शहराचं ते प्रसिद्ध दृश्य दिसतं, पण घरांच्या, मंदिरांच्या गल्ल्यांत उतरता येत नाही. वायना आणि उचुय तिसऱ्या मार्गावर: खालचं शहर पायाखालून जातं, पण वरचं ते दृश्य हुकतं. दुसऱ्या मार्गाला डोंगरच जोडलेला नाही, आणि शहर सगळ्यात जास्त त्याच मार्गावर बघायला मिळतं.

आम्ही ज्या एजंटकडे गेलो त्याने सांगितलं होतं, "डोंगराचं तिकीट घ्या, बाकी सगळं त्यात येतंच." पूर्वी ते खरं होतं. आता नाही. त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर एवढ्या लांब जाऊन ते दृश्य न पाहताच परतलो असतो. तिकीट काढण्याआधी त्यावरचा मार्गाचा क्रमांक आणि उपमार्गाचं अक्षर स्वतः वाचा.

इंती पुंकू, इंका पूल आणि उचुय हे उपमार्ग गर्दीच्या हंगामातच उघडे असतात. आमचा सप्टेंबर, त्यामुळे अडचण नव्हती. वायनाची तिकिटं मात्र काही महिने आधीच संपतात. परदेशी प्रौढांना साधं तिकीट १५२ सोल आणि वायना किंवा थोरल्याचं २०० सोल. आम्ही दोन दिवसांची दोन-दोन तिकिटं घेतली. पहिल्या दिवशी दोघींचं इंती पुंकू. दुसऱ्या दिवशी माझा वायना, ताईचा तिसराच मार्ग पण डोंगराशिवाय.

थोरला का सोडला? चढाई म्हणून तो मला झेपला असता. आतकरवाडीतून सिंहगड जितका चढतो साधारण तितकाच तो आहे, फक्त हवा विरळ; माथ्यावर समुद्रसपाटीच्या सत्तर टक्केच हवेचा दाब. पण वर पोहोचेपर्यंत शहर काडेपेटीएवढं होतं आणि बहुतेक सकाळ त्यातच जाते. साल्कान्तायचं ६२७१ मीटरचं हिमशिखर तिथून दिसतं, तेवढ्यासाठी मी दोन दिवस अडून बसले होते. "अगं, आपण शहर बघायला चाललोय की शहरापासून लांब जायला?" ताईने विचारलं, आणि थोरला यादीतून गेला.

तयारी

मी रविवारी सिंहगड, ताई नाशकात रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. माझा आतकरवाडी ते पुणे दरवाजा वेळ जानेवारीत १ तास २५ मिनिटं होता, ऑगस्टअखेर १ तास ६ मिनिटं. उतरणीची नोंद मी ठेवलीच नाही. ही चूक.

वायनाच्या पायऱ्यांसाठी फेब्रुवारीत हरिहरला जाऊन आले. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या आणि हाताला खोबण्या, यांवर डोकं गरगरत नसेल तर वायनावर गरगरणार नाही असा माझा होरा होता. तो खरा ठरला. हरिहर अधिक उभा आहे. वायनावर पायऱ्या रचलेल्या आहेत, अवघड जागी पोलादी दोर आहेत, पण लांबी बरीच जास्त.

सप्टेंबर: ओयांतायतांबो

कुस्को ३४०० मीटरवर आहे. विमानाने थेट तिथे उतरून तिथेच झोपलं तर पहिली रात्र डोकेदुखीत जाते, असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. म्हणून विमानतळावरून सरळ गाडी करून ओयांतायतांबोला गेलो, सुमारे २८०० मीटर. दोन रात्री तिथे. कोकाच्या पानांचा चहा, भरपूर पाणी, रात्री हलकं सूप. ताईला काहीच झालं नाही, मला पहिल्या संध्याकाळी डोकं जड वाटलं, सकाळी मोकळं.

गावाच्या डोक्यावर पिंकुयुना नावाच्या डोंगराच्या कड्यात इंका काळाची धान्याची कोठारं आहेत. वर जायला तिकीट नाही. उताराच्या वाऱ्यावर धान्य थंड आणि कोरडं राहावं म्हणून इतक्या उंचावर बांधलेली. दुसऱ्या सकाळी तिथवर चढलो. शरीर या उंचीला सरावलं आहे का, हे तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. इथेच मला पहिल्यांदा जाणवलं की इंकांच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. एक वीतभर, पुढची गुडघाभर. त्यामुळे लय सापडत नाही आणि मांड्या लवकर भरून येतात.

पहिला दिवस: इंती पुंकू

पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाहून पहाटेची बस. खाली उरुबांबा नदीचा आवाज, वर सगळं पांढरं. आत शिरलो तेव्हा शहर दिसत नव्हतं, दहा पावलांवर चरणारा लामा दिसत नव्हता.

फरसबंदीची वाट सतत पण हळूहळू चढते. दगड नीट बसवलेले, कडेला ऑर्किड, मध्येच एका मोठ्या शिळेजवळ जुन्या भिंती. ताई तिच्या नाशिकच्या चालीने चालत होती, न थांबता. मी पुढे जाऊन थांबत होते, आणि थांबल्यावर दम जास्त लागत होता. तिसऱ्यांदा हे झाल्यावर तिच्या मागे लागले. १ तास १५ मिनिटांत खिंडीत. तिथे दगडी खांब, भिंती, आणि दरीच्या जागी ढग.

पन्नास मिनिटं बसलो. बरोबरचे बहुतेक लोक परत फिरले. मग ढग आधी नदीकडून फाटला, बसच्या रस्त्याची नागमोडी वळणं दिसली, आणि त्यांच्या वर, तिरपं, शहर. मागे धाकटा. चार दिवस चालून येणाऱ्या माणसाला इंकांनी हे शहर कुठून दाखवायचं ते ठरवलं होतं, आणि तिथेच दरवाजा बांधला होता. आपल्याकडे राजगडावर पाली दरवाजातून येताना गड ज्या क्रमाने उलगडतो तो कुणीतरी विचारपूर्वक ठरवला आहे असं मला नेहमी वाटतं. इथे खात्री पटली. ताई काही बोलली नाही. तिने डब्यातले गूळ-शेंगदाणे पुढे केले.

उतरताना जे दृश्य सगळे शिखरावर शोधतात ते तासभर समोर राहतं, पावलागणिक मोठं होत. हे इतर कुठल्याही चढाईत मिळत नाही. वरच्या शेतांपाशी आलो तेव्हा ऊन पडलं होतं. ताईच्या गुडघ्याने एकदाही हाक मारली नाही. काठीला रबरी टोक लावलेलं होतं. त्याशिवाय काठी आत नेता येत नाही, आणि तीही वय किंवा दुखणं असलेल्यांनाच.

दुसरा दिवस: वायना

फाटकावर वहीत नाव, वेळ, सही. परतल्यावर पुन्हा सही, म्हणजे वर कुणी राहिलं नाही हे कळतं. वाट आधी खिंडीत उतरते, मग एकदम उभी होते. ४८ मिनिटांत वरच्या बांधकामापर्यंत. माथ्याजवळ एका अरुंद भुयारातून अंग आकसून जावं लागतं, सॅक पाठीवरून काढून पुढे ढकलली. माथा म्हणजे एकमेकांवर रेललेल्या ग्रॅनाइटच्या शिळा.

आनंद झाला, खूप झाला. ज्या कड्यावर उभं राहायला जागा नाही तिथे शेतांच्या पायऱ्या रचणाऱ्या माणसांना हात लावून नमस्कार करावासा वाटला, आणि मी केलाही. पण शहर इथून नकाशासारखं दिसतं, सपाट. फोटोतलं शहर ज्याच्यामुळे फोटो होतं, तो सुळका या दृश्यात नसतोच, कारण आपण त्याच्यावरच उभे असतो.

उतरायला मला १ तास १० मिनिटं लागली, चढण्यापेक्षा बावीस मिनिटं जास्त. उभ्या टप्प्यात डोंगराकडे तोंड करून, शिडीसारखं. शेवटच्या टप्प्यात मांड्या थरथरत होत्या आणि त्याच पायांनी अजून खालचं शहर बघायचं होतं. सूर्यमंदिराची ती वळणदार भिंत, जिथे दोन दगडांच्या सांध्यात नख जात नाही, तिच्यासमोर मी दोनच मिनिटं उभी राहिले, कारण उभं राहवत नव्हतं. कोंडोर मंदिर नुसतं चालत ओलांडलं.

ताई बाहेर भेटली. तिने तिसरा मार्ग अडीच तास रेंगाळत केला होता. पाण्याच्या कुंडांबद्दल ती बसच्या रांगेत बोलतच राहिली: थोरल्या डोंगराच्या उत्तर उतारावरचा झरा, तिथून सुमारे पाऊण किलोमीटरचा दगडी पाट, आणि शहरात एकाखाली एक सोळा कुंडं. पहिलं, सगळ्यात स्वच्छ पाणी राजाच्या घरापाशी. मी त्याच कुंडांवरून गेले होते आणि मला एकही आठवत नव्हतं.

माझं मत, विचाराल तर

एकच दिवस, एकच तिकीट असेल तर डोंगर घेऊ नका, दुसरा मार्ग घ्या. हे लिहिताना माझ्यातल्या ट्रेकरला त्रास होतो, पण डोंगर जगात इतरत्रही आहेत. दोन दिवस असतील तर एक दिवस इंती पुंकू नक्की, आणि सकाळी ढग असेल तर वर बसून राहा. वायना करायचाच असेल तर सिंहगड चढण्यापेक्षा सिंहगड उतरण्याचा सराव करा, तोही वेळ लावून. आणि गावात संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. तिथल्या बारीक माश्या चावतात ते दोन आठवडे खाजतं.

इंका पूल राहिला. मुख्य मंदिर आणि तीन खिडक्यांचं मंदिरही राहिलं, दुसऱ्या मार्गावरचं.

या रविवारपासून वहीत नवा रकाना: पुणे दरवाजा ते आतकरवाडी. पहिली नोंद ५८ मिनिटं, डावी मांडी दुखरी.