नाक दाबून दालचिनी

परवा दुपारी काहीतरी गोड खायची हुक्की आली आणि घरात गोड म्हणून काही नाही. म्हणजे साखर होती, पण नुसती साखर चमच्याने खायचं वय गेलं (असं आपलं म्हणायचं). दोन दिवसांचा ब्रेड होता, लोणी होतं, आणि फडताळात पार मागे गेलेली दालचिनीच्या पुडीची बाटली. कधीची ते विचारू नका. हुंगली तर नुसता भुसा. मग म्हटलं काड्याच काढू, ताजी पूड करू, आणि काड्या होत्या सगळ्यात वरच्या फळीवर, तो डबा ओढला तर त्याच्यासोबत आणखी तीन डबे खाली.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने साधारण २,४०० वर्षांपूर्वी अगदी असंच लिहून ठेवलंय. की म्हणे मोठाले पक्षी कुठूनतरी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यांवर घरटी बांधतात, मग अरब लोक खाली मांसाचे मोठे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते उचलून वर नेतात, त्या वजनाने घरटं कोसळतं आणि लोक धावत जाऊन काड्या गोळा करतात. मला ही गोष्ट भयंकर आवडते. गुडघ्यांवर बसून ओट्याखालच्या काड्या वेचताना तर जास्तच.

काड्या माझ्याकडे जाडवाल्या आहेत, एकाच जाड सालीची टणक गुंडाळी, म्हणजे कॅसिया. श्रीलंकेची ती पातळ पापुद्र्यांची, बोटांत चुरा होणारी. ही मिक्सरमध्ये फिरवली की खडी दळायला घातल्यासारखा आवाज येतो. शिवाय हिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि रोज चमचेच्या चमचे खाल्लं तर यकृताला बरं नाही. पण मी काय रोज खाते का. (आठवड्यातून दोनदा. कधी तीनदा.)

लहानपणी मला दालचिनी म्हणजे चिनी लोकांची डाळ वाटायची. मग ही लाकडासारखी का दिसते हे कोडं होतं. पुढे कळलं की फारसीत दार म्हणजे झाड, लाकूड, आणि दारचिनी म्हणजे चीनचं लाकूड. म्हणजे अर्धं बरोबर होतं माझं, पण ते सांगायला तेव्हाचं कोणी आता ऐकायला बसलेलं नाही.

तर टोस्ट. दोन मोठे चमचे मऊ लोणी, तीन चमचे साखर, एक छोटा चमचा दालचिनी, आणि मीठ चिमूटभर, ते विसरायचं नाही. सगळं आधी वाटीत एकत्र फेटायचं आणि मग ब्रेडला लावायचं, आणि लावायचं ते पार कडेपर्यंत. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. मधे लोण्याचा ढीग आणि चारी बाजूंनी कोरडी कड, असा टोस्ट देणारी माणसं बाकीच्या गोष्टीही तशाच करत असणार. मग ओव्हनमध्ये १८० डिग्रीला आठ-दहा मिनिटं, आणि शेवटचं एक मिनिट वरची आच मोठी करून समोर उभं राहायचं. फोन घेतला की साखर जळालीच. ओव्हन नसेल तर तव्यावर, मंद आचेवर, लोण्याची बाजू सगळ्यात शेवटी खाली. किंवा सफरचंदाच्या फोडी त्याच लोण्यात परतायच्या, पाच मिनिटांचं काम.

दालचिनीच्या गोड रोल्सच्या नादाला मात्र मी लागत नाही. एकदा लागले होते आणि अतिउत्साहात दालचिनी थेट कणकेत मळली, भरपूर. तीन तास झाले तरी गोळा होता तेवढाच, माझ्याकडे बघत. मग वाचलं की दालचिनीतलं जे तेल तो वास देतं तेच यीस्टला मानवत नाही, म्हणून तर ती सारणात भरून गुंडाळतात. मला इतकी वर्षं वाटायचं ते चक्र नुसतं दिसायला असतं.

टोस्ट मुळात मावशीचा. सुट्टीत तिच्याकडे गेलो की दुपारी तीनच्या सुमारास ती वाटीत दालचिनी-साखर कालवायची आणि दादाला नि मला समोर उभं करायची. "नाक दाबा. आता जीभ काढा." जिभेवर चिमूटभर टाकायची. "काय लागतंय?" साखर. नुसती साखर, थोडी खरखरीत. "आता सोडा नाक." आणि सोडल्याबरोबर डोक्यात एकदम दालचिनी! कुठून यायची काय माहीत, तोंडातच तर होती ना ती इतका वेळ. आम्ही वाटी संपेपर्यंत तेच करायचो, दादा तर नाक अर्धवटच दाबायचा आणि मला तर आधीच कळली म्हणायचा. मावशीचं म्हणणं, जिभेला फक्त गोड कळतं, दालचिनी नाकाची. तिचं सगळंच नाकावर चालायचं, घड्याळ लावून तिने कधी काही भाजलं नाही. आतल्या खोलीतनं ओरडायची, "काढ, झालं!" आणि झालेलं असायचं.

मागच्या वर्षी तिला साधी सर्दी झाली, तापही फार नव्हता. सर्दी गेली आणि वासही गेला, तो अजून आलेला नाही.

परवा ती माझ्याकडेच होती, आत पडली होती. डबे पडले त्या आवाजाने जागी झाली, वासाने नाही. टोस्टची ताटली नेऊन दिली. उठून बसली, खाल्ला, बोटाची साखर चाटली.

"कुरकुरीत झालाय गं."

मी काही बोलले नाही.

"दालचिनी घातलीयस ना?"

"हो."

"दिसतेय," म्हणाली, आणि दुसरा घेतला.