चौथा मजला संपला, निळी रिबन मिळाली

काल रात्री साडेअकराला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, विझर्ड्री या जुन्या कॉम्प्युटर खेळातल्या चौथ्या मजल्यावरची ती लढाई एकदाची जिंकली. समोर फायटर, मेज (जादूगार), प्रीस्ट (पुरोहित) आणि निंजा अशी टोळी. मांडवीनं मोंतिनो हा मंत्र टाकून त्यांच्या जादूगारांची वाचा बंद केली आणि तिथेच पारडं फिरलं. (माझ्या गटातली नावं बडोद्याचीच. लहरीपुरा, पाणीगेट आणि चांपानेर पुढच्या रांगेत, कारण हाणामारी पहिल्या तिघांनाच करता येते. मांडवी प्रीस्ट आहे, म्हणून मध्ये.)

आता ज्यांनी विचारलं होतं की जुना डंजन क्रॉलर (गट घेऊन तळघरांच्या भूलभुलैयात उतरायचा खेळ) आज खेळायचा तर कोणती आवृत्ती घ्यावी, त्यांच्यासाठी. मी चार महिने यातच घालवलेत. माझी कसोटी एकच: चित्रं कितीही नवी असोत, खाली जुनं गणित चालतंय का?

हे गणित किती नाजूक असतं, ते विझर्ड्रीच्या १९८७ च्या फॅमिकॉम पोर्टवरून (निन्टेंडोच्या जुन्या यंत्रासाठी केलेल्या आवृत्तीवरून) कळतं. त्यातली राक्षसांची चित्रं आणि केंतारो हानेदांचं संगीत मला अजूनही फार आवडतं. पण त्या पोर्टमध्ये एक चूक राहून गेली: आर्मर क्लासचा, म्हणजे चिलखत किती वाचवतं त्या आकड्याचा, परिणामच होत नाही. महागडं चिलखत चढवा किंवा उघड्या अंगानं जा, मार तेवढाच. पडद्यावर आकडा मात्र नीट बदलताना दिसतो. म्हणून पोर्ट घेताना स्क्रीनशॉट बघून ठरवू नका.

डिजिटल इक्लिप्स या कंपनीची विझर्ड्रीची आवृत्ती (मे २०२४ मध्ये पूर्ण झाली) मी याच कारणासाठी निवडली. आत १९८१ चा ॲपल टू कॉम्प्युटरवरचा मूळ प्रोग्रामच चालतो, वर नवं त्रिमितीय रूप चढवलंय. कोपऱ्यात मूळ खेळाची छोटी चौकट उघडी ठेवता येते, काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या रेघा आणि अक्षरं. नव्या चित्रात भूत अंगावर येतं, तेव्हा तिकडे एक ओळ बदलते. दोन्ही एकाच वेळी बघताना मला दर वेळी भरून येतं.

आणि मरण तसंच ठेवलंय. माझ्या पहिल्या गटातला मेज, सुरसागर, दुसऱ्या मजल्यावर गेला. खेळातल्या देवळात त्याला जिवंत करायचे पैसे भरले, तो उठला नाही, राख झाली. सगळ्यांची सोन्याची नाणी एकत्र करून पुन्हा भरले. कायमचा गेला. त्या रात्री मी पुढे खेळलो नाही. नव्या मेजला ते नाव दिलेलं नाही.

बार्ड्स टेल ट्रिलॉजी (क्रोम स्टुडिओज, २०१८) नवख्यांना मी आधी सुचवेन. नकाशा आपोआप तयार होतो, आणि ज्यांना १९८५ चा खडतरपणा हवा त्यांच्यासाठी लेगसी मोड नंतर जोडला गेला. पूल ऑफ रेडियन्स (१९८८) विकत मिळतो तो डॉसबॉक्समधला (जुने डॉसचे खेळ आजच्या पीसीवर चालवणाऱ्या प्रोग्राममधला) मूळ खेळच; त्याला गोल्ड बॉक्स कंपॅनियन हा चाहत्यांनी केलेला प्रोग्राम जोडा, नकाशा शेजारी दिसतो. एट्रियन ओडिसीचे पहिले तीन भाग जून २०२३ पासून पीसी आणि स्विचवर आहेत. चांगले आहेत, पण २००७ मध्ये निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या यंत्राच्या खालच्या पडद्यावर पेनानं भिंती आखायची जी मजा होती, ती माउसनं येत नाही. स्विच हातात धरून खेळा.

नकाशाचं थोडं सविस्तर सांगतो. विझर्ड्रीच्या नव्या आवृत्तीतही तयार नकाशा आहे, मी तो उघडत नाही. रावपुऱ्यातून आणलेल्या आलेख वहीत प्रत्येक मजल्याला एक पान, वीस बाय वीस चौकोन. भाची परवा म्हणाली, "मामा, पडद्यावर नकाशा आहे ना, मग वहीत कशाला?" तिला एका मजल्याचं पान दिलं आणि म्हटलं, आपण उत्तरेच्या कडेवरून एक पाऊल पुढे टाकतोय, बोट ठेव. तिचं बोट कागदाबाहेर गेलं. पडद्यावर आम्ही दक्षिणेच्या कडेला होतो. तिनं पान उचललं, वरची कड खालच्या कडेला लावून नळी केली आणि म्हणाली, "म्हणजे असं!" मला स्वतःला हे समजायला दोन संध्याकाळी आणि तीन पानं लागली होती. आता दुमापिक (आपण कुठे आहोत ते सांगणारा मंत्र) टाकला की आकडे ती वाचते आणि खूण मी करतो.

त्या लढाईत मिळालेल्या निळ्या रिबनमुळे आता दुसरी लिफ्ट उघडली आहे, ती थेट नवव्या मजल्यावर जाते. पाच ते आठ हे मजले न बघताही खेळ संपवता येतो. पण भाचीनं काल सेव-उसळ खाऊन झाल्यावर पाचव्या मजल्याचं पान काढून त्यावर आकडे घातलेत, शून्य ते एकोणीस, दोन्ही बाजूंना. तेव्हा रविवारी लहरीपुरा, पाणीगेट आणि मंडळी पाचव्यावर उतरतील. लेव्हल सगळ्यांची नऊ आहे, मांडवीची दहा.