चालू लिबसीवर सीपी मारलं आणि अख्खं मशीन बसलं

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. "अरे ते लेबलचं प्रिंटर आलंय, सकाळी आठला गाडी लागणार हाय, जरा येऊन बसवून दे की." मामांचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, ऑफिसात एकच कम्प्युटर, त्यावर मीच दोन वर्षांपूर्वी डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलेलं, ऑर्डरी, पॅकिंग लिस्ट, बिलं सगळं त्याच्यावरच चालतं. जुळे सोलापुरातनं गाडी काढली आणि गेलो. रात्रीपाळीचे माग चालू होते, त्या खडखडाटात फोनवर बोलायचं तर बाहेर यावं लागतं.

प्रिंटरसोबत एक पेन ड्राइव्ह, त्यात लिनक्सचं सॉफ्टवेअर आणि एक इन्स्टॉल स्क्रिप्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. मी ती स्क्रिप्ट उघडून वाचली नाही, सरळ सुडो लावून, म्हणजे पूर्ण अधिकार देऊन, चालवली. ही माझी चूक आणि ती मला मान्य आहे, कारण वाचली असती तर चौथ्या-पाचव्या ओळीतच दिसलं असतं की ती आपल्या लिब फोल्डरमधलं सगळं उचलून सीपीनं (फाईल कॉपी करायची कमांड) सिस्टीमच्या लिब फोल्डरवर ओतते. आणि त्या सगळ्यात त्यांची स्वतःची लिबसी, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात ती तयार फंक्शनांची लायब्ररी, पण होती.

एंटर दाबलं आणि दोन सेकंदात खालचा पॅनल गायब, मग टर्मिनल गायब, मग माउस जागेवर थिजला. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून पाहिलं, लॉगिन येईना. मामा मागे उभे होते, म्हणाले, "काय झालं, लाईट गेली का?" लाईट होती.

आता हे असं का झालं ते नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की चुकीची लायब्ररी टाकली तर फक्त नवीन प्रोग्राम उघडत नाहीत, चालू असलेल्यांना काही होत नाही. तसं नाहीये. जीलिबसी म्हणजे हीच लिबसी, लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, बॅश (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम) असो, एलएस असो, सिस्टमडी असो, डेस्कटॉप असो, जवळजवळ सगळे प्रोग्राम फाईल उघडायला, मेमरी मागायला तिच्याकडेच जातात. चालू प्रोग्राम ती लायब्ररी पूर्ण वाचून स्वतःकडे कॉपी करून ठेवत नाही, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ती फाईलच मेमरीत मॅप करून देतं आणि सगळे प्रोग्राम तीच पानं वापरतात. सीपीनं त्याच नावावर दुसरी फाईल लिहिली की सीपी नवी फाईल बनवत नाही, जुनीच फाईल रिकामी करून तिच्यातच नवा मजकूर भरतं. म्हणजे चालू प्रोग्रामच्या पायाखालची फरशी तो उभा असतानाच बदलली. ज्या पत्त्यावर काल मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) होतं तिथे आता भलतंच काहीतरी, प्रोग्राम तिथे उडी मारतो आणि सेगफॉल्ट, म्हणजे जागीच मरतो. गंमत बघा, चालू असलेल्या प्रोग्रामच्या मूळ फाईलवर, म्हणजे एक्झिक्युटेबलवर, असं लिहायला गेलं तर कर्नल अडवतं, फाईल बिझी आहे म्हणून सांगतं, पण शेअर्ड लायब्ररीला तसं संरक्षण नाही, तिथे सीपी निमूटपणे काम करून मोकळं होतं.

म्हणूनच डीपीकेजी (डेबियनवर पॅकेज बसवणारं साधन) अपग्रेड करताना कधी असं लिहीत नाही. ते नवी फाईल शेजारी वेगळ्या नावानं उतरवतं आणि मग एका फटक्यात नाव बदलतं. जुन्या प्रोग्रामांच्या हातात जुनी फाईल तशीच राहते, ते बंद होईपर्यंत ती डिस्कवरून जात नाही, नवे प्रोग्राम नवी घेतात. एवढ्यासाठीच चालू मशीनवर लिबसीचं अपग्रेड रोज जगभर सुखरूप होतं.

असो. कर्नलला लिबसी लागत नाही, त्यामुळे ते जिवंत होतं. ऑल्ट आणि सिस्टीम रिक्वेस्टचं बटण धरून एस, मग यू, मग बी दाबलं. एसनं डिस्कवर जे लिहायचं राहिलंय ते लिहिलं जातं, यूनं डिस्क रीड-ओन्ली होते, बीनं रीबूट. पॉवरचं बटण दाबून धरण्यापेक्षा हे कधीही बरं, मामांच्या पॅकिंग लिस्टा त्याच डिस्कवर होत्या.

रीबूट केल्यावर सुरुवात व्यवस्थित झाली, कारण इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरणारी छोटी सिस्टीम) लिबसीची वेगळी कॉपी असते, तिला स्क्रिप्टनं हात लावला नव्हता. खऱ्या डिस्कवरचं इनिट (बाकी सगळ्यांना चालू करणारा पहिला प्रोग्राम) चालू करायची वेळ आली आणि स्क्रीनवर आलं, जीलिबसी २.३४ नॉट फाऊंड, आणि त्याच्याखाली कर्नल पॅनिक, अटेम्प्टेड टू किल इनिट. हे वाचून घाबरायला होतं खरं, पण त्याच्या वरची ओळच सगळं सांगते. डेबियन १२ ची लिबसी २.३६, तिच्यावर बनलेल्या प्रोग्रामांना किमान २.३४ लागते, आणि आता जागेवर त्याच्याहून जुनं काहीतरी बसलंय.

बॅगेत डेबियनचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरूनच अख्खी सिस्टीम चालते) होता, त्याच्यावरून बूट केलं, डिस्क माउंट केली. सवयीनं आधी चेरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरून, पाहिलं, अर्थातच नाही झालं, कारण चेरूट आतला बॅश चालवणार आणि आतला बॅश आतलीच मोडकी लिबसी मागणार. इथे बरेच जण अडकतात आणि मग फॉरमॅट मारतात. फॉरमॅटची काही गरज नाही, पहिली दुरुस्ती बाहेरून करायची, बस.

बाहेरूनच त्या लिबसी फाईलमध्ये ग्रेप मारून व्हर्जनची ओळ शोधली, तर उबुंटूची २.३१ निघाली. मग डीपीकेजीच्या स्टेटस फाईलमध्ये बघितलं की मशीनवर नेमकी कुठली लिबसी६ असायला हवी. एपीटीच्या (पॅकेज उतरवून आणणारं साधन) कॅशमध्ये जुनं पॅकेज सापडेल असं वाटलं होतं पण नव्हतं, एपीटी कमांड इन्स्टॉल झालं की डाऊनलोड पुसते, एपीटी-गेट ठेवतं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बरोब्बर तेच पॅकेज उतरवलं, दोन-तीन एमबीचं तर असतं. पण ते थेट डिस्कच्या मुळात एक्स्ट्रॅक्ट केलं नाही. आजकाल वरचं लिब फोल्डर हे यूएसआरमधल्या लिबकडे जाणारी नुसती लिंक असते, आणि पॅकेज उलगडताना त्या लिंकच्या जागी खरंखुरं फोल्डर बसलं तर आधीचं दुखणं बरं आणि नवं वाईट अशी अवस्था होते. म्हणून डीपीकेजी-डेबनं आधी टेंपमध्ये उलगडलं, मग तिथल्या फाईली लिंकांसकट यूएसआरमधल्या खऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या. इथे सीपी चालतं, कारण ती लायब्ररी आत्ता कोणी वापरत नाहीये.

परत चेरूट. बॅशचा प्रॉम्प्ट आला. मामींनी डब्यातनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती, ती तेव्हा खाल्ली, रात्रीचा एक वाजून गेला होता.

पण काम संपलं नव्हतं, स्क्रिप्टनं अजून काय काय तुडवलंय ते कळायला हवं होतं. त्यासाठी डीपीकेजीचं व्हेरिफाय, ते प्रत्येक फाईलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) पॅकेजच्या नोंदीशी ताडून बघतं आणि बदललेल्या फाईलींपुढे ५ चा आकडा दाखवतं. सी-प्लस-प्लसची लायब्ररी पण निघाली. तिचं नेहमीचं नाव ही लिंक असते, सीपी लिंकच्या मागे जाऊन खऱ्या फाईलवरच लिहितं, त्यामुळे वरवर बघून काही कळलं नसतं. डेव्ह, प्रोक, सिस ही कर्नलची फोल्डरं चेरूटच्या आत बाइंड माउंट केली, लिबसी६, लिबसी-बिन आणि ती लायब्ररी तिन्ही रीइन्स्टॉल केली, पुन्हा व्हेरिफाय केलं, यावेळी लायब्रऱ्यांपैकी काही आलं नाही. रीबूट. मामांचा डेस्कटॉप, सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्याचा तोच फोटो. मामा काही बोलले नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला.

आता प्रिंटर राहिला होता. त्यांचं सॉफ्टवेअर ऑप्ट फोल्डरमध्ये (बाहेरच्या सॉफ्टवेअरची जागा) बसवलं आणि त्यातलं लिब फोल्डर चक्क उडवलं. चाललं! पहिल्या फटक्यात चाललं. जीलिबसीच्या फंक्शनांना व्हर्जनचा शिक्का असतो, एखाद्या फंक्शनचं वागणं बदललं तर नवं नव्या शिक्क्यानं येतं आणि जुनं जुन्या शिक्क्यानं तसंच ठेवतात, त्यामुळे २.३१ वर बनलेला प्रोग्राम २.३६ वर चालतोच. अडचण येते ती उलट्या दिशेनं. म्हणजे ती लिबसी सोबत द्यायची मुळात गरजच नव्हती. आणि द्यायचीच असेल तर आपल्या फोल्डरात ठेवा ना, आपल्या प्रोग्रामला तिथनं उचलायला सांगा. दुसऱ्याच्या सिस्टीमच्या लिब फोल्डरवर लिहिणाऱ्या स्क्रिप्टचा मला मनापासून राग येतो, कारण समोर बसलेल्या माणसाचा धंदा त्या मशीनवर असतो. त्या कंपनीला सगळं सविस्तर मेलनं कळवलंय, एरर आणि स्क्रिप्टमधल्या ओळीसकट.

एक अजून, कधी लिबसीची फाईल एमव्हीनं चुकून हलवली गेली तर गोष्ट वेगळी, तेव्हा उघडा टर्मिनल अजिबात बंद करू नका. तो बॅश जुनी फाईल धरून जिवंत असतो, एलएस चालणार नाही पण एको आणि स्टार लिहिलं की फाईलींची नावं दिसतात, आणि लोडरला (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) थेट हाक मारून, लायब्ररी अमुक फोल्डरात आहे असं लायब्ररी-पाथनं सांगून एमव्ही चालवता येतं आणि फाईल परत जागेवर ठेवता येते. लोडर जागेवर असेल तर रीबूटसुद्धा लागत नाही. माझ्या केसमध्ये टर्मिनलच मेलं होतं म्हणून लाइव्ह लागला.

साडेपाचला लेबलं छापायला घेतली, सातला सगळ्या खोक्यांवर चिकटून झाली, गाडी आठला लागली. लाइव्ह पेन ड्राइव्ह मामांच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवून आलोय, आणि त्याच्यासोबत एका कागदावर वरच्या कमांड क्रमानं लिहून.