चलाम चूकभ चागलील

परवा दादर स्टेशनबाहेर शाळेतली मैत्रीण भेटली, सोबत तिचा नवरा, आणि गप्पा चालू असताना ती मधेच म्हणाली, "चलाम चूकभ चागलील." नवरा बघतच राहिला. मी सरळ वडापावच्या गाडीकडे वळले.

"मला भूक लागली" हो. च ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, त्याच्या जागी च, काना-मात्रा तिथल्या तिथे. (काही शब्द या भाषेत भलतेच निघतात, आईसमोर ट्राय करू नका.)

पण ती काय, बऱ्याच पोरांना येते. खास आमचं म्हणजे "कुकर". अकरावीत तिच्या मावशीकडे अभ्यासाला बसायचो, आणि एखादा पाहुणा उठायचं नावच घेईना की मावशी आत जाऊन रिकामाच कुकर ओट्यावर आदळायची, जेवायची वेळ झाली हे त्याला कळावं म्हणून. तेव्हापासून कोणी पकवायला लागलं की आमच्यातली एक हळूच विचारते, "कुकर लावू का गं?" गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात ना, तसंच, फक्त इथे बैल म्हणजे समोरचा माणूस.

तर वडापाव खाता खाता नवरा शेअर मार्केटवर सुरू झाला, वीस मिनिटं झाली तरी थांबेना, शेवटी मी म्हटलं, "कुकर लावू का गं?" तर हाच हसत म्हणतो, "लावा लावा, मी निघतो."

हिने सांगून टाकलंय त्याला! जाम राग आला मला.