पडला का नाही?

परवा दुपारी भाचीने चार पानं माझ्या हातात कोंबली. साहसकथा. 'वाच, पण मधे मधे बोलू नकोस,' अशी तंबीही मिळाली. जंगल घनदाट होतं, रात्र भयाण होती, अचानक वाघ आला, सगळे खूप घाबरले. मी जांभई दाबली. मग तिसऱ्या पानावर हे आलं: पळताना बंटीचा डावा बूट चिखलात रुतला, तसा तो मागे वळून वाघाला म्हणाला, 'एक मिनिट हां.'

मी फिसकन हसलो. तिने डोळे वटारले. तो म्हणे गंभीर प्रसंग होता!

पण त्या बुटाने मला जंगल दिसलं. चिखल दिसला, एक पाय बुटात नि एक मोज्यात असलेलं पोर दिसलं, आणि बहुधा खरंच थबकलेला वाघसुद्धा.

जूल व्हर्नची '८० दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा' ही कादंबरी १८७२ सालची. त्यातल्या नायकाचा, म्हणजे फॉगचा, नोकर दाढीचं पाणी ८६ अंश फॅरनहाइटऐवजी ८४ अंशांवर आणतो, आणि त्याची नोकरी जाते. फॉग किती काटेकोर आहे ते त्या दोन अंशांत कळतं. नवा नोकर निघायच्या धांदलीत खोलीतला गॅसचा दिवा बंद करायलाच विसरतो. मग पुढे हत्ती येवो नाहीतर वादळ, आपल्या डोक्यात तो दिवा जळतोच आहे. आपल्या फास्टर फेणेचं तर नुसतं 'ट्टॉक'. त्याच्या नाकाडोळ्यांचं वर्णन करायला सांगितलं तर मी अडखळेन, पण ट्टॉक अजून कानात आहे.

आणि मराठीत लिहिणाऱ्याला 'कन' फुकट मिळालेला आहे. धपकन पडतो तो जाडाच असणार, सुळकन निसटतो तो काटकुळा. दार धाडकन, दोर तटकन, बेडूक टुणकन. हत्तीने टुणकन उडी मारली की झालाच विनोद. फक्त एका पानावर एकच, असा माझा हट्ट आहे (वर मी तो पाळलेला नाही). नाहीतर मांडणीवरची भांडी कोसळल्यासारखं वाटतं. 'अचानक' मात्र मला एकही खपत नाही. वाघाने आधी दवंडी पिटून मग यावं, तसं होतं ते.

पाचवीत मीही शंभरपानी वहीत साहसकथा लिहायला घेतली होती. नायक कड्यावरून घसरला, एका मुळाला धरून लटकला. इथवर ठीक होतं. पण तेव्हा मला निसर्गवर्णनाचा नाद लागला होता, त्यामुळे तेवढ्यात सूर्यास्त झाला. ढगांची सोनेरी किनार, घरट्याकडे परतणारे पक्षी, सगळं मिळून दीड पान.

दादा पोटावर पडून, टाचा हलवत वाचत होता. त्याने पान उलटलं. परत मागे गेला. टाचा थांबल्या.

'हा पडला का नाही?'

'पुढे आहे.'

'तोवर अंधार पडला की!'

आणि वही परत देताना म्हणाला, 'मी असा लटकलो ना, तर पहिल्यांदा माझं नाक खाजेल.'

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. वहीला पुन्हा हात लावला नाही तो नाहीच.

भाचीला हे सगळं सांगायचं मनात होतं. पण बोलायची बंदी होती, म्हणून एवढंच विचारलं, 'वाघ थांबला का गं?'

'पुढच्या भागात.'

माझी वही कुठे गेली कोण जाणे. पोरगा अजून लटकलेलाच असणार, आणि नाक खाजवायला एकही हात मोकळा नाही.